अमेरिकेचा एनडीएए दरवर्षी नव्याने का पास करावा लागतो?

अमेरिकन काँग्रेस १९६१ पासून दरवर्षी हा डिफेन्सचा कायदा पास करतेय म्हणे, पण सैन्य तर कायमचंच आहे ना, मग दरवर्षी हा खटाटोप कशाला? कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

↳ आधी एक घोळ काढून टाका, एनडीएएने पैसे मिळत नाहीत, फक्त परवानगी मिळते, पैशाचं अप्रोप्रिएशन बिल वेगळं. पण भरतीचे, सैन्यात पुढे राहायला पुन्हा सही करणाऱ्यांचे बरेचसे बोनस कायद्यात ३१ डिसेंबरपर्यंतच असतात, दरवर्षी याच बिलात वर्षभर पुढे ढकलतात, म्हणजे बिल रखडलं की सही करायला बसलेला पोरगा पेन हातात धरून थांबणार!

↳ आर्थिक वर्ष २०२५ च्या एनडीएएमध्ये ज्युनियर सैनिकांना १४.५ टक्के पगारवाढ मिळाली, बाकीच्यांना ४.५. खालच्या पोरांचे खरंच हाल होते हो.

↳ रेडिनेसला, म्हणजे सैन्याच्या तयारीला, खरा फटका पैशाचं बिल लटकल्यावर बसतो. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू, बिल नाही, मग कंटिन्युइंग रिझोल्यूशन, म्हणजे तात्पुरती पैशाची सोय, त्यात जुन्याच आकड्यांवर चालवा आणि नवीन प्रोग्राम सहसा सुरूच करता येत नाही.

↳ ट्रम्पनी २०२० मध्ये एनडीएएला व्हेटो केला तरी १ जानेवारी २०२१ ला काँग्रेसने तो उलटवला, काँग्रेसला हे बिल किती महत्त्वाचं ते यातच समजा 😄