मदत हवी आहे: भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नामांतराच्या जुन्या बातम्या आणि आठवणी

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना घेऊन राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जायचं आहे. सत्ता बदलली की संग्रहालयांचं काय होतं, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवायचंय.

१८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलेल्या या वास्तूला १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. ते उभं राहावं म्हणून झटलेला हा आपला माणूस! पण आत प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा अजून आहे, दोन्ही बाजूंना विज्ञान आणि कला यांच्या मूर्ती. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. १९६५ मध्ये काळा घोडा परिसरातून हलवलेला सातव्या एडवर्डचा पुतळाही याच बागेत. नाव बदललं, पुतळे मोडले नाहीत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

नामांतराच्या वेळी मराठी वृत्तपत्रांत काय छापून आलं? ते अंक मुंबईत कुठे चाळायला मिळतील, शिक्षकांना परवानगी लागते का? आणि एडवर्डचा पुतळा हलवल्याचं तुमच्या घरातल्या कुणाला आठवत असेल, तर त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का? सहल दिवाळीनंतर आहे.