रिसीव्हर आधी की स्पीकर? पन्नास हजारांतलं होम थिएटर

गिरणाकाठ:
चुलतभावाने चाळीसगावला घर बांधलं. हॉल बारा बाय चौदा फूट, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला दिवाण. होम थिएटरसाठी पन्नास हजार काढून ठेवलेत आणि दुकानात त्याचा पहिला प्रश्न होता, ‘रिसीव्हर (स्पीकरना सिग्नल आणि ताकद पुरवणारा डबा) किती वॅटचा?’ माझं ठाम मत आहे की हा प्रश्नच शेवटी विचारायचा असतो.

आधी स्पीकर ठरवा. त्याच्या कागदावर दोनच आकडे बघा: सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती मोठा वाजतो) आणि ओहम (विजेला किती अडवतो). एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर आणि ८२ देणारा, यात फरक फक्त सहाचा दिसतो. पण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे पहिला ७० वॅटवर जेवढा वाजेल तेवढा वाजायला दुसऱ्याला २८० हवेत. तेवढे कुठल्याच स्वस्त रिसीव्हरमध्ये नसतात. उदाहरणाला यामाहा आरएक्स-व्ही३८५ घ्या, दोन चॅनेल (म्हणजे दोन स्पीकरच्या वाटा) चालू असताना ७० वॅट. खोक्यावरचे मोठे आकडे बहुधा एकच चॅनेल, एकच सूर आणि जास्त विकृती (आवाज फाटणं) धरून मोजलेले असतात.

आणि पाच स्पीकर एकदम घेऊ नका. आधी पुढचे दोन चांगले बुकशेल्फ (छोट्या पेटीचे), मग पॉवर्ड सबवूफर (स्वतःचा अँप असलेला बेसचा स्पीकर), मग बाकीचे.

भुसावळ_लोको:
तुमचं गणित पुस्तकातलं आहे, भाऊ. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. लोक रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबतात. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. अशात बिघडतो तो रिसीव्हर, स्पीकर नाही. म्हणून पैसा तिथेच घालावा. जरा वरचं मॉडेल घ्या, मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग). स्पीकर नंतर कधीही बदलता येतात.

गिरणाकाठ:
काका, व्होल्टेजचंच बघू. २३० चं १८० झालं तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या रिसीव्हरची ताकद ७० वरून साधारण ४३ वॅटवर येते. ऐकायला भयंकर वाटतं, पण डेसिबलमध्ये तोटा जेमतेम दोनाचा. कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तर सहाचा तोटा रोजचाच, व्होल्टेज पूर्ण असलं तरी.

उष्णतेचं मात्र खरं आहे, पण त्याला महाग मॉडेल कशाला? वर तीस सेंटिमीटर आणि बाजूला वीस सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, कपाटाचं दार काढा. उष्णता वाढवणारी खरी गोष्ट म्हणजे ४ ओहमचे स्पीकर. तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतात. मग ऐन चित्रपटात रिसीव्हर स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनला जाऊन बंद पडतो. आठ ओहमचे घ्या, निदान सहाचे.

पांझरा_१२इंच:
भाऊ, तुमना हिसाब बराबर शे, पन मग बुकशेल्फ कशाला? आमच्या धुळ्यात लग्नाच्या साउंडवाल्यांसाठी बारा इंची पेट्या बनवणारे कारागीर आहेत. ती पेटी ९५-९६ डेसिबल देते. तुमच्याच नियमाने ८८ वाल्याला ७० वॅट लागतात तिथे हिला ११ ते १४ पुरतात. रिसीव्हर गारच राहील. ब्रँडचे पैसे वाचले त्यात चांगला सबवूफर येतो. माझ्या हॉलमध्ये अशीच जोडी आहे. अहिराणी गाणी लावली की पाहुणे नाचायला उठतात.

गिरणाकाठ:
गाण्यांना ती पेटी जोरदार, मान्य. पण ती मांडवासाठी आहे, लांबच्या माणसापर्यंत आवाज फेकायला. बारा बाय चौदाच्या खोलीत, नागड्या भिंतींमध्ये, हॉर्नचा (पेटीतल्या भोंग्याचा) आवाज कानात टोचतो. कुजबुज, पावसाची रिपरिप, दार करकरणं, हे सगळं त्यात कडक होतं. शिवाय हाती बनवलेल्या पेटीला ९६ आकडा कोणी मोजून दिला? आत दोन वूफर समांतर जोडले असतील तर ८ चे ४ ओहम होतात आणि कुणी सांगत नाही.

पांझरा_१२इंच:
ते तपासायला मल्टीमीटर पुरतो. ८ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो, ४ चा तीन-साडेतीन. मी जोडण्याआधी बघितलंच होतं. आणि टोचतं तर समोर पडदा, खाली सतरंजी, मागे गोधडी टांगा. खोली सुधारा, पेटी का बदलायची?

अमळनेरची_लेक:
सतरंजीचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला, तो महागड्या स्पीकरलाही लागू आहे. पण दादा, ‘आधी दोन’ हे मला अजिबात पटलेलं नाही. आमच्या घरी आई-बाबांची एकच तक्रार असायची: आवाज मोठा आहे, पण बोललेलं कळत नाही. चित्रपटातले संवाद बहुतेक मधल्या चॅनेलमधून येतात. सेंटर, म्हणजे हा मधला स्पीकर, नसेल तर घरातल्या वयस्कर माणसांसाठी हा सगळा खर्च वाया.

गिरणाकाठ:
ताई, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर ‘नाही’ असं सांगितलं की तोच आवाज डाव्या-उजव्यात समान वाटला जातो आणि मधोमध ऐकू येतो. दोन चांगले स्पीकर असतील तर शब्द स्पष्ट कळतात. स्वस्त, वेगळ्या जातीचा सेंटर बसवला तर माणूस पडद्यावरून चालताना त्याचा आवाजच बदलतो. बहुतेक लोक सेंटर नसतानाही सेटिंग ‘आहे’ असंच ठेवतात, मग संवाद गायब होतात आणि दोष स्पीकरला जातो.

अमळनेरची_लेक:
मधोमध ऐकू येतो तो मधोमध बसलेल्यालाच. दिवाणाच्या टोकाला बसणाऱ्याला तो जवळच्या स्पीकरमधून येतो. आपल्याकडे चित्रपट एकटं कोण बघतं? सुट्टीत मामाची, मावशीची पोरं जमली की दिवाणावर चार आणि खाली सहा. म्हणून माझं म्हणणं: पुढचे तीनही एकाच मालिकेतले, भले साधे. मागचे दोन पुढच्या वर्षी, आणि तेही बाजूला किंचित मागे, समोरून मोजून साधारण ११० अंशांवर. पार मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नको.

भुसावळ_लोको:
या पोरीचं बरोबर आहे. आणखी एक राहिलं. जुन्या डब्याबंद होम थिएटरचे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडायला बरेच जण बघतात. ते अनेकदा ३ ओहमचे असतात. त्याचा सबही पॅसिव्ह, म्हणजे स्वतःचा अँप नसलेला, असतो आणि नव्या रिसीव्हरच्या सब आउटला तो वाजतच नाही, तिथे फक्त सिग्नल येतो, ताकद नाही. ते मोडीत द्या. वायरीवर पैसे उडवू नका, घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत पुरते. पण रिसीव्हर वरचाच घ्यावा, हे मी सोडत नाही. स्टॅबिलायझर लावा, तरी वरचाच.

गिरणाकाठ:
वायर आणि जुन्या सबचं शंभर टक्के. पण काका, वरच्या मॉडेलचे दहा-बारा हजार पॉवर्ड सबवर टाका आणि रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा. खालचा बेस सब स्वतःच्या अँपवर उचलतो. सगळ्यात जास्त वॅट तोच बेस खातो, त्यामुळे रिसीव्हरचा भार उतरतो आणि तो थंडही राहतो. तुम्हाला हवं ते याच पैशात मिळतं.

ताईंचा दिवाणाचा मुद्दा चुलतभावाच्या घराला लागू पडतो, तिथे गर्दी असतेच. त्याला एकाच मालिकेतले तीन सांगतो आणि सब दिवाळीला. एकटा-दुकटा बघणाऱ्याला मात्र मी दोनच सांगेन.

पांझरा_१२इंच:
चाळीसगावहून धुळं लांब नाही. पैसे भरण्याआधी भावाला घेऊन या, माझ्याकडे तोच चित्रपट लावून बसा. तोपर्यंत बिल करू नका.