ठोस वाटणाऱ्या बूलीय बीजगणिताचे ऑटोमॉर्फिझम अनिर्णित का राहतात?

प्रश्न (रत्नागिरी):
नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील पावसाळी अभ्यासगटात सध्या बूलीय बीजगणित (संचांच्या संयोग, छेद व पूरक यांसारख्या क्रिया असलेली रचना) चालू आहे. नैसर्गिक संख्यांच्या ज्या उपसंचांत केवळ सांत इतक्या घटकांचा फरक आहे, ते एकच मानले की एक बूलीय बीजगणित तयार होते. त्याचे ऑटोमॉर्फिझम (रचना राखून बीजगणिताला स्वतःवरच एकास-एक नेणारी फलने) किती, हे झेडएफसीवरून, म्हणजे संचसिद्धांताच्या प्रचलित गृहीतकांवरून, ठरत नाही असे वाचले. वस्तू इतकी ठोस असताना असे का व्हावे?

उत्तर (मालवण):
मोजणीपासून सुरुवात करावी. दोन्ही बाजूंच्या सांत संख्या वगळून उरलेल्या नैसर्गिक संख्यांची एकास-एक जोडणी केली की एक ऑटोमॉर्फिझम मिळतो. अशांना क्षुल्लक म्हणतात. प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येवर नेणे हे त्याचे उत्तम उदाहरण. हे सारे मिळून वास्तव संख्यांइतकेच भरतात. मात्र सातत्य गृहीतक (नैसर्गिक संख्यांच्या संचापेक्षा मोठा पण वास्तव संख्यांच्या संचापेक्षा लहान असा संच नाही, हे विधान) मानल्यास एकूण ऑटोमॉर्फिझम वास्तव संख्यांच्या उपसंचांइतके होतात, हे वॉल्टर रुडिन यांनी १९५६ मध्ये दाखवले. या बीजगणितात गणनीय (नैसर्गिक संख्यांनी क्रमांक देता येतील) इतक्या अटींपैकी कोणत्याही सांत अटी एकत्र पाळता येत असतील, तर सर्व अटी पाळणारा घटकही सापडतो. आणि सातत्य गृहीतकामुळे घटकांची अशी रांग लावता येते, की कोणत्याही टप्प्यावर आधी ठरलेला भाग गणनीयच असतो. त्यामुळे ऑटोमॉर्फिझम पायरीपायरीने वाढवताना पुन्हापुन्हा निवडीला वाव राहतो.

याउलट, सर्व ऑटोमॉर्फिझम क्षुल्लकच असतील असे प्रतिमान (झेडएफसी पाळणारे संचांचे विश्व) सहारोन शेलाह यांनी फोर्सिंगने, म्हणजे नवे संच जोडून असे विश्व घडवण्याच्या तंत्राने, उभे केले. प्रॉपर फोर्सिंग गृहीतक या झेडएफसीबाहेरच्या जादा गृहीतकातूनही तेच निघते, हे शेलाह व स्टेप्रान्स यांनी १९८८ मध्ये सिद्ध केले.

उत्तर (देवगड):
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. १९९३ मध्ये वेलिच्कोविच यांनी खुल्या रंगांकनाचे गृहीतक आणि मार्टिनचे गृहीतक या झेडएफसीबाहेरच्या दोन गृहीतकांवरच सर्व ऑटोमॉर्फिझम क्षुल्लक असल्याचा निष्कर्ष काढला; एकटे मार्टिनचे गृहीतक पुरत नाही, हेही त्यांनी दाखवले.

आता ठोसपणाविषयी. घटक ठोस असले तरी ऑटोमॉर्फिझम हे अगणनीय संचावरचे फलन आहे. उपसंचांच्या पातळीवर ज्याचे बोरेल वर्णन (खुल्या संचांपासून गणनीय संयोग, छेद व पूरक घेत रचलेले) देता येते, असा प्रत्येक ऑटोमॉर्फिझम क्षुल्लकच असतो, आणि त्यासाठी झेडएफसी पुरेसे आहे. म्हणजे अनिर्णितता फक्त अशा वर्णनापलीकडच्या फलनांच्या अस्तित्वात आहे. तुमच्या गटाने गणनीय अटींची सिद्धता आधी स्वतः लिहून पाहावी. रुडिन यांची रचना त्यानंतर सहज उलगडेल.