विंडोज 10 वापरणारे म्हणजे उंदीर पाळणारे?

नौपाड्याचा_कंपोझिटर
परवा ऐरोलीकरांनी लिहिलं, "विंडोज 10 वालं, म्हणजे कंपनीचे अपडेट आणि सपोर्ट संपलेलं मशीन नेटला लावणं म्हणजे घरात उंदीर पाळून शेजाऱ्यांना ताप देणं. भंगारात द्या, नवीन घ्या." दोन दिवस गप्प बसलो. आज दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहितोय.

डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे माझं. विंडोज 10 ची चार मशीनं, सगळ्यांत इंटेलचा सातव्या पिढीचा आय5 प्रोसेसर. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकल्यापासून पळतात. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते म्हणून माझी नापास. एका पिढीने! तब्येत ठणठणीत, पण राज्य सरकारी नोकरासारखं 58 झाले म्हणून घरी बसा.

आणि अपडेट संपले कुठे? 14 ऑक्टोबर 2025 ला नेहमीचे संपले. ईएसयू, म्हणजे मायक्रोसॉफ्टची वाढीव मुदतीची योजना, घेतलं की 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणारे अपडेट, येतात. 30 डॉलर, नाहीतर सेटिंग्ज वनड्राइव्हवर चढवा आणि फुकट घ्या. कंपन्यांसाठी 2028 पर्यंत पॅच बनणारच आहेत. म्हणजे औषध आहे, फक्त काउंटरखाली ठेवलंय. मी ते घेतलंय. आता सांगा, उंदीर कुठे आहे?

ऐरोली_नाइटशिफ्ट
उंदीर माझाच, मागे घेत नाही. आणि घरगुती योजना दुकानाला लावलीत होय? धंद्याच्या मशीनला पहिल्या वर्षी 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. चार मशीनं, तीन वर्षं, 1,708 डॉलर. करा हिशेब.

आता ऐका. कोपरखैरण्याला मावशीच्या सोसायटीच्या ऑफिसात विंडोज 7 होतं. जानेवारी 2020 ला सपोर्ट संपला, कमिटी म्हणाली चालतंय की. दोन वर्षांनी गणपतीत सेक्रेटरींनी सकाळी मशीन उघडलं तर प्रत्येक फाईलच्या नावाला भलतीच शेपटी. नऊ वर्षांचे मेंटेनन्सचे हिशेब गेले. बॅकअप होता, पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह त्याच मशीनला खोचलेला. तोही गेला. मावशी आणि दोन आजोबा पावतीबुकं पसरून दिवाळीपर्यंत आकडे परत लिहीत होते.

नौपाड्याचा_कंपोझिटर
वाईट झालं. पण चोर आत शिरला कुठून, ते गाळलंत.

ऐरोली_नाइटशिफ्ट
अकाउंटंट घरून काम करायचा. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, नेटवर सगळ्यांना उघडा होता.

नौपाड्याचा_कंपोझिटर
पासवर्ड?

ऐरोली_नाइटशिफ्ट
सोसायटीचं नाव आणि पुढे 123.

नौपाड्याचा_कंपोझिटर
मग बिचाऱ्या विंडोज 7 ला का फासावर चढवता? त्या पासवर्डने विंडोज 11 पण उघडलं असतं! वॉनाक्राय आठवा, तोही असाच फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा. पॅच मार्च 2017 चा, हल्ला 12 मे चा. सापडले ते बहुतेक विंडोज 7 वाले, ज्यांना तेव्हा सपोर्ट होता. पॅच लावायचा आळस. बदनाम झाला जुना विंडोज एक्सपी, जो बहुतेक वेळा निळा पडदा दाखवून आडवा व्हायचा.

ऐरोली_नाइटशिफ्ट
आणि तरीही मायक्रोसॉफ्टला तीन वर्षं आधी बंद केलेल्या एक्सपीसाठी घाईघाईने पॅच काढावा लागला. हौस म्हणून काढला का?

उरण_ट्रेलर
अपडेटची आरती ओवाळणाऱ्यांसाठी. जून 2017, नॉटपेट्या नावाचा किडा. आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. मी तेव्हा क्लिअरिंग एजंटकडे कामाला. कुठला कंटेनर कुणाचा, हेच कुणाला सांगता येईना. रस्त्यावर ट्रेलरची रांग, ड्रायव्हर चाकाच्या सावलीत झोपलेले आणि पार्टीचा दर दहा मिनिटांनी फोन. हा किडा पहिल्यांदा पसरला कशातून, माहितीये? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! रीतसर अपडेट करणारेच आधी मेले.

ऐरोली_नाइटशिफ्ट
एकदा डॉक्टरची सुई चुकली म्हणून पोलिओचा डोस बंद करायचा का? कमाल आहे राव.

खारघर_मिंट
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. त्याच्या 22 व्या आवृत्तीला 2029 पर्यंत अपडेट आहेत, फुकट, आणि सातवी-आठवी पिढी असली नाटकं नाहीत. विषय संपला.

नौपाड्याचा_कंपोझिटर
टाकलं होतं एकावर. आठवडाभर बरं वाटलं. मग सीएने डिजिटल सहीचं टोकन आणलं, ते काही केल्या दिसेना. दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत त्याच्या मागे. शेवटी त्यानेच स्वतःचा लॅपटॉप काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

माई_चरई
नौपाडेकर, पाचवं मशीन लपवताय. पानं जुळवायचं पेजमेकर 7 आणि डोंगलवाला, म्हणजे मशीनला किल्ली खोचल्याशिवाय न चालणारा, मराठी फॉन्ट, तो एक्सपी. माझ्याकडेही आहे म्हणून विचारते.

नौपाड्याचा_कंपोझिटर
आहे, माई. नेटची वायर काढून ठेवलीय त्याची. निम्म्या लग्नपत्रिका त्याच्यावरच होतात.

सीवूड्स_युनिकोड
हे आलं बघा! युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी मराठी, विंडोज 2000 पासून आहे आणि लोक अजून डोंगलला कवटाळून बसलेत. त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसता गोंधळ. शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. मराठीची अर्धी माती तुमच्यासारख्या डीटीपीवाल्यांनी केली, स्पष्ट बोलतो.

माई_चरई
तुमचा जन्म झाला नसेल तेव्हापासून टंकन करतेय मी, तेव्हा जपून. पेजमेकरला युनिकोड मराठी जुळवता येत नाही, हा माझा गुन्हा का? ज्याला येतं त्या इनडिझाइनला महिन्याच्या महिन्याला भाडं. ते कोण भरणार, तुम्ही? आणि युनिकोडचं जुन्या फॉन्टमध्ये करणाऱ्या कन्व्हर्टरचं कौतुक सांगू नका. मागच्या वर्षी एका घरची वर्षश्राद्धाची पत्रिका त्यातून काढली, सगळे रफार गिळले त्याने. "वषश्राद्ध" छापलं, दोनशे प्रती. त्या काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या बोट ठेवून उभ्या राहिल्या. पदरचे पैसे घालून परत छापून दिलं.

सीवूड्स_युनिकोड
प्रूफ वाचलं असतं तर?

माई_चरई
वाचलं होतं. युनिकोडमध्ये रफार होता. छापताना गेला. अजून काही?

सीवूड्स_युनिकोड
नाही. पण 2001 च्या पेजमेकरवर 2026 मध्ये पत्रिका करणं ही परंपरा नाही, नाइलाज आहे, एवढं तरी म्हणा.

माई_चरई
नाइलाजच म्हणतेय मघापासून. तुम्ही ऐकलंत का?

वागळे_वर्कशॉप
फॉन्टचं भांडण झालं असेल तर माझं ऐका. माझ्या मोजणी यंत्राचा कंट्रोलरही एक्सपीवर. बनवणारा म्हणतो, नवीन विंडोज हवं तर कंट्रोलर नवा घ्या. किंमत ऐकून हातातला चहा गार झाला. मी पण वायर काढली आणि निर्धास्त झालो. मग गेल्या पावसाळ्यात ड्रॉइंग घेऊन आलेल्या पोराच्या पेनड्राइव्हमधून घाण आली. वायर नसली तरी यूएसबीचं भोक असतंच. स्टक्सनेट नावाचा किडा तसाच तर पसरला होता.

ऐरोली_नाइटशिफ्ट
धन्यवाद, मालक. नौपाडेकर, तुमच्या एक्सपीला गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह लागतात का हो?

नौपाड्याचा_कंपोझिटर
पत्रिकेचा फोटो कशावरून घेणार मग? लागतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट
दिवसाला किती?

नौपाड्याचा_कंपोझिटर
सीझनला पंधरा-वीस. कळलं, कळलं, मीठ चोळू नका. उद्यापासून पेनड्राइव्ह आधी दहावाल्यावर तपासायचा आणि फोटो स्वतःच्या सीडीवर घालून एक्सपीकडे न्यायचे. सीडी! 2026 मध्ये कोऱ्या सीडी शोधायला पाठवताय मला.

ऐरोली_नाइटशिफ्ट
बरं, तुमच्या चार मशीनांना पॅच येतोय, तेव्हा त्या चारांपुरता उंदीर मागे. पाचव्याचा तसाच आहे. आणि ते घरगुती ईएसयू दुकानात लावलंय, ते मी वाचलंच नाही असं समजा. ऑक्टोबरनंतर काय?

नौपाड्याचा_कंपोझिटर
विंडोज 10 च्याच आयओटी एलटीएससी आवृत्तीला 2032 पर्यंत पॅच आहेत.

ऐरोली_नाइटशिफ्ट
ती आवृत्ती एटीएम आणि कारखान्यातल्या यंत्रांसाठी असते. झेरॉक्सच्या दुकानाला तिचं लायसन्स कोण देतं ते दाखवा, मी तुमच्या दुकानात येऊन चहा पाजतो.

नौपाड्याचा_कंपोझिटर
चहा राहू द्या. येताना कोऱ्या सीडी मिळाल्या तर आणा.

माई_चरई
माझ्यासाठीपण एक पाकीट.