मॉन्टेरे अ‍ॅक्वेरियम: आईबाबांना घेऊन जावं का?

सोलकढी_सनीवेल: आईबाबा मालवणहून आलेत. पुढच्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचं मत्स्यालय बघायला न्यायचं मनात आहे, सोबत सहा वर्षांची लेक. बाबांचे गुडघे कुरकुरतात. तिकिटाचा आकडा ऐकून आईने तोंडावर हात ठेवला, आणि बाबा म्हणतात, "मासे काय बघूचे? जन्मभर बघितलंय." पैसे वसूल होतील का? लहानपणी पाहिलेल्या तारापोरवालासारखंच असेल तर राहू दे.

धुकेवाला: शनिवार सोडून मधल्या वारी जा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यांचं स्वतःचं पार्किंग नाही, तेव्हा आईबाबांना दारात उतरवा आणि मग गाडी लावायला जा. मी सगळ्यांना चढावरून चालवत आणलं होतं, सासूबाई अजून ऐकवतात. व्हीलचेअर मागा, मिळते. आणि स्वेटर! ऑगस्ट असला तरी.

वेळूकाठ: तारापोरवालाशी तुलना नको, त्याची माया वेगळी. इथे सगळं बघायचा हट्ट धरू नका, दोनच ठिकाणी बसा.

पहिली केल्पची, म्हणजे झाडांसारख्या उंच समुद्री शेवाळाची टाकी. 28 फूट उंच, वरून उघडी, म्हणजे खरं ऊन आत येतं. केल्पला हलतं पाणी लागतं, म्हणून यंत्राने लाटा करतात आणि अख्खं जंगल डुलतं. पाणी समोरच्या खाडीतलंच. दिवसा गाळून घेतात, नाहीतर काचेपलीकडचं दिसणार नाही. रात्री न गाळता सोडतात, त्यातून बारीक जीव आपसूक येऊन दगडांवर वस्ती करतात. पाणबुड्या खाऊ घालायला उतरतो तेव्हा आतूनच माइकवर बोलतो. लेकीला पुढे बसवा.

दुसरी 'ओपन सी', म्हणजे खुल्या समुद्रातल्या जीवांची टाकी. तिथे पेडव्यांचा (सार्डिन माशांचा) थवा आहे, बाबांना तिकडेच न्या. आणि सांगा, ही इमारत उभी आहे तिथे आधी पेडवे डब्यात भरायचा कारखाना होता. मासळी संपली, धंदा बसला, कारखाना 1973 ला बंद पडला. 1984 ला हे सुरू झालं. दर्यावरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

खेकडा७: आणि ऑटर, म्हणजे पाणमांजरं? सगळे त्यांच्यासाठीच तर जातात.

वेळूकाठ: गर्दीही तिथेच. पण हो, खाण्याच्या वेळा दारातच बघून ठेवा. आत आहेत ती वाचवलेली पाणमांजरं, पुन्हा समुद्रात सोडता न येणारी. अंगावर चरबीचा थर नाही, थंडी अडवते ती दाट लवच. म्हणून दिवसाला वजनाच्या पाव हिश्शाएवढं खातात. मागच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन उभे राहा. नशीब असेल तर खाडीतलं रानटी पाणमांजर उताणं पडून पोटावरच्या दगडावर शिंपला आपटताना दिसतं.

धुकेवाला: ऑक्टोपसची आशा धरू नका. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा कोपऱ्यात पाठ करून बसलेला.

सोलकढी_सनीवेल: मंगळवारी जाऊन आलो. ऑक्टोपस दिसला, काचेला चिकटलेला. लेक त्याच्या वाट्या मोजत बसली. बाबा पेडव्यांसमोर पाऊण तास. व्हीलचेअर आधी नको म्हणाले, मग तिच्यातून उठेनात. "जाळ्यात गावतत तेवढेच म्हायत होते. असे वळतत कसे, तां आज बघलंय," एवढंच बोलले. आईला जेलीफिश आवडले, पण पैशांचं म्हणणं तेच आहे. रानटी पाणमांजर एक दिसलं, तेही लांबून. बाहेर बाकावर डबा उघडला तर सीगलने घावनच पळवलं. डबे झाकून ठेवा, हा माझा सल्ला.