प्रीपोन, रिव्हर्ट, अपडेशन: ऑफिसच्या मेलमधून नेमकं काय काढायचं?

मिहानवाला
नव्या मुलांसाठी इंग्रजी मेल लिहिण्याचं एक पानी टिपण करायचं आहे. क्लायंट बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले. साहेब म्हणतात, 'प्रीपोन', 'रिव्हर्ट', 'अपडेशन' सगळं बनावट, बंद करा. सरसकट बंदी ठीक आहे का? आणि वर्डमध्ये हे आपोआप पकडता येतं का?

धरमपेठी
सरसकट नको भाऊ. क्रियापदं पाडणं हा इंग्रजीचा जुनाच धंदा. 'डोनेशन'वरून 'डोनेट' निघालं, 'एडिटर'वरून 'एडिट'. आज कोणी नाक मुरडत नाही. आपणही हातावरून हाताळतो, लाथेवरून लाथाडतो.

'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, पण अमेरिकन माणूस अडखळतो. त्याऐवजी 'मूव्ह्ड फॉरवर्ड' लिहाल तर काही जण मीटिंग उशिरा आहे असं समजतात. जुनी वेळ आणि नवी वेळ, दोन्ही लिहा.

खरा घोळ 'रिव्हर्ट'चा. आपल्याला म्हणायचं असतं 'उत्तर द्या', तिकडे बहुतेकांना कळतं 'पूर्वस्थितीला न्या'. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर रिव्हर्ट म्हणजे आधीचा बदल उलटवणारी नवी नोंद (कमिट)! डेव्हलपरला बिल्डबद्दलच्या मेलात 'प्लीज रिव्हर्ट' कधीच लिहू नका. 'प्लीज रिप्लाय बाय थर्सडे', बस.

तर्री_कमी
क्रियापदापेक्षा त्याच्यामागचं शेपूट जास्त चुकतं, आणि ते मराठीतून येतं. 'विषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'मला समजावा' म्हणून 'एक्सप्लेन मी'. 'डिस्कस'पुढे विषय थेट येतो. 'एक्सप्लेन'नंतर माणूस आला की आधी 'टू'. 'युवर रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, कारण तिथे रिक्वेस्ट नाम आहे. 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक.

आपल्या नागपुरात आणखी एक. 'समजून नाही राहिलं' डोक्यात, म्हणून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' कागदावर. नो (know), अंडरस्टँड, बिलाँग यांना आयएनजी नको.

वर्डमध्ये: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. 'रिप्लेस'मध्ये अपडेशन, 'विथ'मध्ये अपडेट. टाइप करताना बदलतं. पेस्ट केलेल्या मजकुरात नाही, तिथे कंट्रोल-एच दाबून शोधा आणि बदला. 'रिव्हर्ट' मात्र यात टाकू नका, कधीकधी तो खरोखर बरोबर असतो. आणि चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते का तेही बघा. रेघच नसेल तर कोणीतरी 'ॲड टू डिक्शनरी' दाबलेलं असू शकतं; प्रूफिंगमधल्या कस्टम डिक्शनरीज उघडून तो शब्द तिथे असेल तर काढा.

मिहानवाला
आणि 'डू द नीडफुल'?

धरमपेठी
चूक नाही, जुनी ब्रिटिश दफ्तरी भाषा आहे. खोट एवढीच की काय करायचं तेच त्यात नसतं. इन्व्हॉइसवर सही हवी असेल तर सही मागा, आणि तारीख टाका.