माणूस गेला की गाडी काढायची? अमेरिकन कादंबरीवरच्या एका पोस्टला उत्तर

अबोली
काल 'टोलनाका' यांची पोस्ट वाचून डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा. पोस्ट न वाचलेल्यांसाठी सार: आजच्या अमेरिकन कादंबरीत घरातलं कुणी गेलं की मागे उरलेला माणूस गाडी काढतो, पाच-सहा राज्यं हिंडतो, हायवेवरच्या हॉटेलात एखादी म्हातारी त्याला शहाणपण शिकवते आणि शेवटच्या पानावर गडी मोकळा. 'दुःखाचं पर्यटन' म्हणे.

पुरावा काय? दोन नावं. 'वाइल्ड' ही कादंबरीच नाही, शेरिल स्ट्रेडचं २०१२ चं आत्मकथन आहे. आणि 'नोमॅडलँड' हे जेसिका ब्रूडर यांचं वार्तांकन. सिनेमातली नायिका फर्न त्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. कादंबरीवर खटला, साक्षीला एकही कादंबरी नाही!

जेस्मिन वॉर्डची 'सिंग, अनबरीड, सिंग' (२०१७) घ्या. लिओनी दोन पोरांना गाडीत कोंबून मिसिसिपीच्या किनाऱ्यावरून पार्चमनच्या तुरुंगाकडे निघते, पोरांचा बाप सुटणार म्हणून. धाकटी कायला वाटभर ओकतेय, तेरा वर्षांचा जोजो तिला छातीशी धरून बसलाय, आईला दोघांचंही काही सुधरत नाही. लिओनीचा भाऊ गिव्हन कधीच मारला गेलाय आणि तिने नशा केली की समोर येऊन उभा राहतो. परतीच्या वाटेवर तुरुंगातल्या एका मेलेल्या पोराचं भूत गाडीत शिरतं. पोलीस गाडी अडवतो आणि जोजोवर पिस्तूल रोखतो. हे पर्यटन? इथे माणसं दुःख विसरायला निघत नाहीत. मेलेलेच गाडीत चढून बसतात.

चष्मिष
बाडीस, म्हणजे सहमत. लॉरा व्हॅन डेन बर्गच्या 'द थर्ड हॉटेल'मध्येही तेच. नवरा अपघातात गेल्यावर क्लेअर हवानाला जाते आणि तिथे तिला तो रस्त्यात दिसतो. मोकळी कसली होतेय, जास्तच गुंतते.

टोलनाका
आत्मकथन आणि कादंबरी यांतला फरक शिकवल्याबद्दल बाईंचे आभार, वहीत लिहून घेतला. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. लिओनी गाडी पळवत असताना घरी कोण आहे? कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली आई आणि तिचं सगळं करणारा म्हातारा बाप. मुलगी कुठे? हायवेवर!

माझी आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत मी उंबरठा ओलांडला नाही. शेजारून पिठलं-भात यायचा. दिवसभर माणसांची रीघ, प्रत्येकाला तीच हकिकत पहिल्यापासून सांगायची, चहाचं आधण उतरायचं नाही. नंतर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे. दुःख असं बसून काढायचं असतं. 'चार दिवस गोव्याला जाऊन ये' असं कुणी म्हणालं असतं तर दारातूनच परत पाठवला असता.

अबोली
अहो, पण वॉर्डला तेच तर दाखवायचंय! लिओनीचं जाणं कादंबरी कुठे गौरवते? जोजो आईला माफ करत नाही, वाचकही सहज करत नाही. पात्र चुकलं म्हणजे कादंबरी चुकली का? आणि बसून काढायचं म्हणता तर सिग्रिड नुनेझची 'द फ्रेंड' वाचा, २०१८ चं नॅशनल बुक अवॉर्ड. मित्राने आत्महत्या केली, त्याचा अवाढव्य ग्रेट डेन कुत्रा बाईच्या मॅनहॅटनमधल्या इवल्याशा घरात येतो. इमारतीत कुत्र्यांना बंदी, घर सुटायची पाळी. बहुतेक पुस्तक त्या चार भिंतींत. तीही अमेरिकनच.

एडिसनवासी
अवांतर होईल, पण टोलनाका, तेरा दिवस घरात बसायला मिळणं हीही चैन आहे. माझे वडील साताऱ्यात गेले ते २०२१ च्या मेमध्ये. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, पासपोर्टमधला त्याचा स्टॅम्प संपलेला. कोविडमुळे ४ मेपासून भारतातून येणाऱ्या बहुतेक बिगर-नागरिकांना अमेरिकेने दार बंद केलं होतं. गेलो असतो तर परत कधी येणार याचा पत्ता नाही. इकडे बायको, पोर, घराचे हप्ते. चुलतभावाने अग्नी दिला. मी फोनवर बघितलं, मध्येच नेट गेलं. सोमवारी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसलो. इथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यात खासगी नोकरीवाल्यांना सुतकाची रजाच नाही, बहुतेक राज्यांत मालकाची मर्जी. कॅलिफोर्नियात २०२३ पासून पाच दिवस मिळतात, तेही बिनपगारी असू शकतात. तर 'माणूस गेला की निघायचं' यावर चिडणाऱ्यांनी निघताच न येणाऱ्यांचाही विचार करावा.

जुना बाजार
मग कुणी बांधून ठेवलंय? या की परत. पंधरा-वीस वर्षं डॉलर मोजायचे आणि बाप गेल्यावर व्हिसाच्या नावाने गळा काढायचा.

एडिसनवासी
तुम्ही कोण मला सांगणार? ग्रीन कार्डाच्या रांगेत दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, भारतीयांची रांग हलत नाही. वडिलांच्या दवाखान्याची बिलं त्याच डॉलरांतून गेली. तेव्हा कुठे होतात?

जुना बाजार
इथेच होतो. शेजारच्या काकांना ऑक्सिजन मिळावा म्हणून फिरत होतो. त्यांचा मुलगाही तुमच्याच न्यू जर्सीत.

चष्मिष
दोघांनीही जरा दम घ्या. झुंपा लाहिरीचं 'अनअकस्टम्ड अर्थ' (२००८) हे कथांचं पुस्तक या भांडणासाठीच लिहिल्यासारखं आहे. कौशिकची आई कॅन्सरने जाते, वडील दुसरं लग्न करतात. नव्या आईच्या मुली त्याच्या गेलेल्या आईचे फोटो बघत बसल्यात हे दिसल्यावर तो त्यांच्यावर भडकतो, फोटो घेऊन रातोरात निघतो आणि मेन राज्याच्या किनाऱ्याने वर वर जात कॅनडाच्या सीमेजवळ ते पुरून टाकतो. टोलनाका, ही तुमची 'गाडी काढली' कथा. पण मोकळा झाला का? पुढे जगभर युद्धांचे फोटो काढत भटकतो, घर म्हणून त्याला कुठेच करता येत नाही.

एडिसनवासी
लाहिरीबाईंची माणसं सुखवस्तू हो. कौशिकला कधी दूतावासाची तारीख घ्यावी लागलेली दिसली नाही. व्हिसाच्या धाकात जगणाऱ्याचं सुतक कुणी लिहिलंय का, ते सांगा.

टोलनाका
लाहिरी काढलीत ते बरं केलंत. त्याच पुस्तकातल्या पहिल्या कथेतला रूमाचा बाप बायको गेल्यावर काय करतो? युरोपच्या पॅकेज टूर! अक्षरशः पर्यटन! आता बोला.

अबोली
बोलतेच. त्या टूर लेकीला खुपतात, कारण बापाने दुःख तिच्या पद्धतीने करावं अशी तिची अपेक्षा आहे, तुमच्यासारखीच. बापाला आपल्याकडे ठेवून घ्यावं लागेल या विचाराने ती आधी धास्तावते आणि मग तोच राहायला नको म्हणतो तेव्हा दुखावते. टूरवर भेटलेल्या मिसेस बागचींना त्याने लिहिलेलं कार्ड नातवाने बागेत खेळण्यांबरोबर पुरलेलं असतं. ते रूमाच्या हाती लागतं, आणि शेवटी तीच त्यावर तिकीट चिकटवते. तुम्ही असता तर फाडलं असतंत.

टोलनाका
फाडलं नसतं. दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं, मग टाकलं असतं पेटीत. बरं, 'मोकळा' हा शब्द मागे घेतो, तुमच्या समाधानासाठी. 'पर्यटन' घेणार नाही. गाडीतला गोरा माणूस मला सिनेमात अजून दिसतो, आणि तो पेट्रोलचे पैसे कुठून आणतो हे कुणी सांगत नाही.

अबोली
सिनेमा! शेवटी आलात ना त्यावरच?

जुना बाजार
एडिसनवासी, 'तेव्हा कुठे होतात' हे तुम्ही विचारलंत म्हणून मी बोललो, एवढं लक्षात ठेवा.

एडिसनवासी
'या की परत' त्याआधीचं आहे. वर जाऊन वाचा.